तळं उघडलं की सांगा

३ जुलै

नारबा भोयाचं लाल फडकं बांधावर लागून महिना होत आला. फडकं हाय तोवर तळ्यात कुणी गळ टाकायचा न्हाई, जाळं न्हाई, लेकरांनी डुबक्या पण न्हाई. दरसाली पोळ्याला काढतो. म्हणजे उरलेला आखाड जायचाय आणि अख्खा श्रावण. तोवर इथं हैदराबादला मी काय करू?

वैशालीला फोन लावला. म्हणलं, तळ्याचं काय?

"अहो, बायको जेवली का ते तर आधी इचारा."

इचारलं. जेवली. मग सांगितलं. चार पायऱ्या उघड्या हायत अजून, पाणी गढूळ, नारबा सकाळी चक्कर मारून गेला. एवढ्यावर आजचा दिवस निघाला.

५ जुलै

वै. औशाची. तिकडं तिनं तळं बघितलं ते कोरडंच. लग्न होऊन आली तेव्हा मासा म्हणजे बाजारातलं सुकट, एवढंच ठाऊक. आता बांधाखालच्या चपट्या दगडावर बसून मला पाणी सांगते. तो दगड माझा. बाजूचा गफूरचाचाचा. चाचा गाद्या भरतात, आणि गळ धरायला मला त्यांनीच शिकवलं.

दिवाळीनंतर ते झालं तेव्हापासून ती तळ्यावर जायला लागली. तिसऱ्याच महिन्यात गेलं. पेढे वाटून झालते. मग येणारी-जाणारी प्रत्येक बाई दारातून इचारायची, आणि हिनं प्रत्येकीला सांगायचं, न्हाई राहिलं. म्हणून सांज झाली की दगडावर. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलतं.

असू दे. त्याचं लिहीत न्हाई.

८ जुलै

लिफ्टचं काम म्हणजे निम्मं काम आणि निम्मं थांबणं. इमारतीच्या वरच्या टोकापासून खड्ड्यात दोन बारीक तारा सोडायच्या, खाली वजन बांधायचं, वजन जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवायचं. तार झुलायची थांबली की तिच्यावरून माप घ्यायचं. मल्लेश अण्णा, आमचे मिस्त्री, बिडी पेटवून बसतात आणि तार थांबते. मला न्हाई जमत. मी बोट लावून बघतो. बोट लावलं की गळाच्या दोरीसारखी वाटते, खाली कुणीतरी चाखून राहिलंय.

"ए चेपा! हात नको लगा. जित्ता हात लगाता, उत्ता हिलता."

चेपा म्हणजे तेलुगूत मासा. इथं सगळे मला तेच म्हणतात. संदीप म्हणून हाक मारली तर मीच मागं बघीन, कोण ते.

१३ जुलै

आज वै.चाच फोन आला, आपणहून. धापा टाकत.

"अहो, पाण्यात मिरचीपूड सांडल्यावानी लाल लाल दिसून राहिलंय. आन ते चालायलंय!"

म्हणलं, मिरची न्हाई, मरळीची पिल्लं हायत. बारीक असताना लाल असतात, घोळका करून वर श्वास घ्यायला येतात. खाली बाप असतो राखण करत. बेडूक आला, साप आला, अंगावर जातो. त्याच टायमाला तो गळाला लागतो, सोपा लागतो, आणि तो गेला की सगळी पिल्लं गेली. म्हणून फडकं.

मग म्हणाली, "बाप राखतो व्हय?"

हाव म्हणलं.

"बरंय की. तुमच्यापरीस बरा."

आणि हसली. लई दिवसांनी तशी हसली. मी लाल घोळका न बघता पण मला दिसून राहिला, इथं आठव्या मजल्यावर, सिमेंटच्या गोण्यांत.

१७ जुलै

तिचा भाऊ आला आणि औशाला घेऊन गेला. आखाडाचं माहेरपण. आता मला पाणी कोण सांगणार? म्हणलं तर म्हणते, "चाचाला इचारा. आन मला बी कधीमधी इचारत जा, मी पण हाव."

आवाज बसलेला वाटला. सर्दी म्हणाली.

मायला फोन केला, म्हणलं आखाडाची एवढी घाई कामून? लग्नाला दुसरं साल हाय, आता कोण एवढं पाळतं. माय म्हणाली, "जाऊ दे की लेकराला चार दिवस आईपाशी." आणि फोन ठेवला. माय फोन कधी ठेवत न्हाई, दुसऱ्यानं ठेवायचा असतो.

२० जुलै

चाचाला फोन.

"चाचा, पाणी किती?"

"बहोत हाय रे. मी काय टेप लावून बसलाव का? कापूस भिजून राहिला माझा, तुला पाण्याची पडली."

मग गप्पा सुरू झाल्यावर गेल्या सालचा किशन्या निघाला. तळं उघडायच्या दिवशी नारबा पायरीवर उभा राहून एकेकाला इचारतो, घरात कुणी पोटुशी हाय का? असली तर त्या घरच्या माणसानं बाळंतपण होईस्तोवर गळ धरायचा न्हाई. भोयांचं हाय ते, पण तळ्यावर बसणारे सगळेच पाळतात, चाचा पण. तर किशन्यानं गळ खाली ठेवला आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "बायको न्हाई, पण म्हैस गाभण हाय. चालंल का?" नारबा त्याला काठी घेऊन बांधाच्या टोकापर्यंत पळवत गेला.

चाचा हसता हसता एकदम थांबले. म्हणाले, "चल बेटा, गिऱ्हाईक आलं."

एवढ्या पावसात गादी भरायला कोण आलं असंल?

३१ जुलै

पंचमी झाली आणि वै. गावाकडं परत आली. संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, दगडावरच बसलेय. दोन पायऱ्या उघड्या. वारा मावळतीचा, म्हणून घोळका बेशरमाच्या झुडपाच्या अंगाला गेलाय. पाणी अजून जड हाय, निवळायला टाईम लागंल.

मी चाटच पडलो. वाऱ्याचं मी तिला कधी शिकवलं? आणि पाणी जड हाय, हे तर चाचाचं बोलणं.

म्हणलं, पक्की झालीस की.

"मग? माझ्या सवतीचं बघता बघता शिकले." मरळीला ती तिची सवत म्हणते.

६ ऑगस्ट

सुट्टी. जुन्या शहरात जाऊन गळ आणले, मरळीचे, मोठे. नवी दोरी पण. दुकानदारानं इचारलं, कहां पकडते? मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली जसं काही त्याला ठाऊकच हाय.

गच्चीवर काठी घेऊन फेक बघितली. पहिली पाण्याच्या टाकीला. दुसरी बरोबर बादलीत. तिसरी अण्णांच्या वाळत घातलेल्या लुंगीत, आणि लुंगी गच्चीवरून खाली. मल्लेश अण्णा खालून ओरडून राहिले, "चेपा, तुझा गाव भेज मेरे को, सब चेपा मार के आता मैं!"

गळ काढताना लुंगीला भोक पडलं. शिवून दिलं. पोळा जवळ आला. कंपनीची गाडी आली तरी रेल्वे वाटते मला.

१२ ऑगस्ट

म्हणलं, व्हिडिओ कॉल कर, तळं दाखव.

"नेट न्हाई इथं."

बांधावर तर सगळ्यांत चांगलं नेट असतंय. गावातली पोरं त्यासाठीच तिथं जाऊन बसतात.

"आज न्हाई. उगं काय डोकं खाऊन राहिलाव? सांगायले ना मी सगळं."

चिडली. मी पण चिडलो. तेवढ्यात तिच्या मागून कुणाचा तरी आवाज आला, "औसा, औसा, चला लातूर." टीव्ही चालू हाय म्हणाली.

बांधावर टीव्ही?

मी हे लिहून राहिलो आणि मला हसू पण येऊन राहिलं न्हाई. माहेराहून आलीच न्हाई वाटतं. भांडण झालं का मायसंगं? मला कोण सांगणार. मी इथं तारेला लटकलेला.

१९ ऑगस्ट

घोळ केला मी.

पोळ्याची सुट्टी अण्णांनी कबूल केलती. एक अट, हा खड्डा मापून झाला पाहिजे. काल तार थांबायच्या आधीच मी माप घेऊन टाकलं. हलत होती, लई थोडी, मला दिसत होती. म्हणलं, बोटभर फरकानं काय होतंय. आज वरच्या मजल्यांवर लिफ्टचे रूळ धरणारे लोखंडी पाय ठोकून झाल्यावर बघितलं तर सगळी लाईन तिरकी. सगळे पाय काढायचे, भोकं बुजवायची, परत ठोकायचं.

अण्णा ओरडले न्हाईत. तेच वाईट. बिडी पण पेटवली न्हाई. नुसतं म्हणाले, "तार को जल्दी नहीं था चेपा. तेरे कू था."

पोळ्याची सुट्टी गेली. पुढच्या महिन्यात देतो म्हणाले, ती पण तीनच दिवस.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांचा सण, आणि मी इथं भोकं बुजवून राहिलो.

आणि तळं उघडलंच न्हाई! चाचानं कळवलं. नारबा सकाळी फडकं काढायला गेला आणि बघतो तर झुडपापाशी नवा लाल घोळका. दुसरी वीण. फडकं तसंच ठेवून परत फिरला. लोकांनी आरडाओरड केली, गळ घेऊन आले होते सगळे. नारबा म्हणाला म्हणे, "तुमच्या पोराबाळांना घेऊन जा घरी, त्याची राहू द्या."

माझी सुट्टी गेली ती फुकट न्हाई गेली मग. लई हलकं वाटलं.

चाचानं व्हिडिओ पण पाठवला. निम्मा अंगठाच हाय त्यांचा. बाकी निम्म्यात नारबा, फडकं, पाणी बांधाच्या पोटाला लागलेलं. परत बघितला. परत बघितला. शेवटी एका कोपऱ्यात माझा दगड हाय.

दगड पांढरा हाय. पाणकावळ्यांनी घाण करून पार पांढरा केलाय. आणि पायरीपासून दगडापर्यंतची पाऊलवाट दिसतच न्हाई, गुडघाभर गवत.

ज्या दगडावर रोज माणूस बसतं तिथं पाणकावळा बसत न्हाई.

२३ ऑगस्ट

चाचाला फोन केला. म्हणलं, चाचा, वैशाली कुठंय? खरं सांगा.

"घरीच असंल की."

म्हणलं, दगडाचं बघितलं मी.

मग म्हणाले, "बेटा, मला रोज दुपारी तिचा फोन येतो. चाचा पाणी किती, चाचा वारा कुठला, चाचा घोळका कुठं. मी सांगतो. ती तुला सांगते. मी कसम घेतली होती तिच्यापाशी. तू पकडलं, आता कसम खतम. तिला फोन कर. आन रागात करू नको, सांगून ठेवतो."

केला. लगेच उचलला तिनं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "चाचाचा आला होता."

मग तिनं सांगितलं, दिवस राहिलेत. मी बुद्ध जयंतीला गावाकडं होतो तेव्हाचं हाय. चौथा महिना चालू. आखाडात थोडं लाल दिसलं, डॉक्टरनं सांगितलं पडून राहायचं, म्हणून भाऊ घेऊन गेला. आखाड-बिखाड काही न्हाई. तेव्हापासून औशालाच हाय, बसस्टँडच्या मागं, माहेरच्या घरात, खाटेवर. आता ठीक हाय. आता लाल दिसत न्हाई.

म्हणलं, मला कामून न्हाई सांगितलं?

"मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. मग सगळ्यांना परत सांगावं लागलं. तुम्हाला फोनवर सांगताना तुम्ही तिकडं काहीच बोलला नव्हतात. नुसता श्वास ऐकू येत होता. ते परत नको होतं मला."

मी परत काहीच बोललो न्हाई. मला कळत होतं की परत तेच करून राहिलो, तरी शब्द निघंना.

मग तीच म्हणाली, बारीक आवाजात, "आन तुमचा गळ पण होता ना."

म्हणलं, गळाचं काय?

"नारबा इचारतो ना पायरीवर. तुम्ही सालभर त्याच्यासाठी जगताव. तुम्हाला ठाऊकच नसलं तर तुम्ही न्हाई म्हणलात तरी ते खोटं होत न्हाई. मी लई इचार केला त्याच्यावर."

खाटेवर पडून हिनं हा इचार केला. डॉक्टरनं हलू नको म्हणलेलं, आणि ही चाचाला वारा इचारून राहिली, माझा सीझन जाऊ नये म्हणून.

२४ ऑगस्ट

फोन केला न्हाई. राग न्हाई. काय बोलावं ते जमून राहिलं न्हाई.

तार सोडली आज परत. थांबेस्तोवर उभा राहिलो. हात खिशात.

२५ ऑगस्ट

केला. म्हणलं, जेवलीस का?

रडायलाच लागली. म्हणलं, आता काय झालं, इचारलं तर रडते, न इचारलं तर बोलते.

"पहिल्यांदा आपणहून इचारलंत."

मग ती जेवणाचं सांगत बसली. तिच्या आईनं केलेली आंबाडीची भाजी, कण्या. मी ऐकत बसलो. तळ्याचं दोघांनी काढलं न्हाई.

शेवटी तीच म्हणाली, "पाणी बांधाला लागलंय म्हणे." हाव म्हणलं.

१ सप्टेंबर

दोन बातम्या एकाच दिवशी.

वै.चा फोन: लातूरला मोठी सोनोग्राफी, बाळाचं सगळं बघतात ती. बुधवारची तारीख दिलीय, दहा.

चाचाचा फोन: पिल्लं काळी पडायला लागली, मोठी झाली, घोळका फुटून चालला. नारबानं जाहीर केलं, गणपती शिरवून झाले की दोन-चार दिवस पाणी निवळू द्यायचं आणि बुधवारी तळं उघडायचं.

तोच बुधवार.

सुट्टी तीन दिवस. जाण्या-येण्यात निम्मी. गाव मुदखेडपाशी, ती औशाला, सोनोग्राफी लातूरला.

वै. म्हणते, "माझ्यासंगं आई हाय, भाऊ हाय. तुम्ही काय, बाहेर बाकड्यावरच बसणार. त्यापरीस दगडावर बसा. आन नारबाला सांगा, न्हाई म्हणून. मी पाप घेते माझ्यावर."

म्हणलं, पाप-बिप काही नसतंय, दादांना इचार. दादा म्हणजे माझे वडील, असलं काही मानत न्हाईत.

"मग मानायचंच न्हाई तर गळ टाका की."

ती असली बोलते की दोन्हीकडून अडकतो माणूस.

४ सप्टेंबर

आज दिवसभर स्वतःशी भांडलो. खरं लिहायचं तर एकदा वाटलं, जावं तळ्यावर. बाकड्यावर बसून मी काय करणार? तिथं आत मशीन, डॉक्टर, पडदा. मला इंग्लिश वाचता येत न्हाई, आठवीत सोडलं. तळ्यावर मला सगळं वाचता येतं.

आणि भीती वाटते. बाहेर बसलेलं असताना ती आतून मान खाली घालून आली तर? दगडावर बसलेलो असलो तर निदान पाणी तरी समोर असंल.

म्हणजे तीच एकटी ऐकणार आणि मला फोनवर सांगणार. आणि मी श्वास घेत उभा.

न्हाई.

८ सप्टेंबर

खड्डा सरळ झाला. अण्णांनी स्वतः मापून बघितलं, बिडी पेटवली. म्हणाले, "जा चेपा. चेपा को देख के आ." आणि माझ्या पोटाकडं बोट करून गोल दाखवलं. ह्यांना कुणी सांगितलं? मग आठवलं, तेवीस तारखेला फोन मी त्यांच्याच शेजारी उभा राहून केलता.

गाडीत बसलो. गळाची डबी पिशवीत. कामून घेतली ठाऊक न्हाई. सवय.

९ सप्टेंबर

सकाळी गाडी मुदखेडला लागली. इथून तळं म्हणजे रिक्षानं थोडंसंच. खिडकीतून हवा आली तीच ओळखीची, ओल्या हरळीची. हात पिशवीवर गेला.

फलाटावर दादा उभे. अंगात रेल्वेचा पिवळा कोट, ड्युटीवरून तसेच आले. मायनं दिलेले धपाटे हातात. माय रात्रीपासून करत असंल. दादा जास्त बोलत न्हाईत. खिडकीतून डबा दिला, माझ्याकडं बघितलं.

"उतरणार हाइस का?"

म्हणलं, न्हाई. नांदेडला उतरून लातूरची बस धरतो.

मान हलवली. मग हात पुढं केला. "गळ दे हिकडं."

दिली डबी. त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. मी म्हणलं, दादा, तुम्ही तर मानत न्हाई हे.

"न्हाईच मानत."

गाडी हलली. दादा खिडकीसंगं दोन पावलं चालले, लाईनीवरच्या माणसाची चाल, न बघता पाय बरोबर पडतो.

"तुझ्या वक्ताला मी पण धरला नव्हता," म्हणाले. आणि थांबले. मी मागं बघत राहिलो तर ते आधीच पाठमोरे होऊन चाललेले.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

१० सप्टेंबर, लातूर

बाकड्यावर बसलो. ती बरोबर म्हणाली होती, बाकड्यावरच बसवतात. समोर पाण्याचा फिल्टर, बाजूला एक आजोबा त्यांच्या नातीला झोपवून राहिले.

ती आत गेली आणि त्याच टायमाला चाचाचा फोन. बांधावरचा गलका ऐकू आला. फडकं निघालं. नारबा पायरीवर. चाचा फोन चालू ठेवून उभे. मला ऐकू आलं, नारबा इचारून राहिला, "संदीप न्हाई आला? त्याचा दगड रिकामाय. दुसऱ्याला देऊ का?" पहिल्या दिवशी जो बसला त्याचा दगड सालभर, असं हाय आमच्यात.

चाचा म्हणाले, "त्याच्या घरात पोटुशी हाय. म्हणून न्हाई आला."

मग नारबा म्हणाला, "मग दगड त्याचाच."

किशन्या ओरडला, "कोण, बायको का म्हैस?" सगळे हसले. चाचानं त्याला उर्दूत काहीतरी दिलं.

मग चाचा मला म्हणाले, "सुन. तुझी काठी आणली घरून. दगड धुतला, पाणकावळ्याची जागीर झाली होती. काठी लावून ठेवली, दोरी, वर तरंगायची बोंडी, गांडूळ, सगळं. फकत गळ न्हाई. वो देख, बोंडी नाचून राहिली. खाऊन चालले फुकटचं. आज तुझ्या दगडावर दावत हाय."

मी हसून राहिलो बाकड्यावर, आणि ते आजोबा माझ्याकडं बघून राहिले, कारण डोळ्यातून पाणी पण येत होतं. तेवढ्यात दार उघडलं.

वै. मान वर करूनच आली. पण हसत नव्हती, नीट चालायचं बघत होती. माझ्याशेजारी बसली. म्हणाली, सगळं दिसलं. हात, पाय, काळीज. काळीज लई जोरात पळतंय म्हणे, तसंच असतं. फकत वार, बाळाला जोडलेली असते ती, खाली हाय. कदाचित वर सरकंल, कदाचित न्हाई. महिन्यानं परत बघणार. तोवर पडूनच.

म्हणलं, म्हणजे चांगलं का वाईट?

"म्हणजे वाट बघायची," म्हणाली.

मी फोन दाखवला, चाचा अजून लाईनीवर होते. तिनं घेतला.

"चाचा, वारा कुठला?"

११ सप्टेंबर, औसा

आज रात्रीच परत निघायचं. अण्णांचा फोन आलता, नवा खड्डा, नवी तार.

वै. खाटेवर, मी खाली बसलेला, पाठ खाटेला. बाहेर बसस्टँडवर तोच माणूस ओरडून राहिला, औसा औसा चला लातूर. म्हणलं, हाच का तुझा टीव्ही? तिनं उशी फेकून मारली.

मग म्हणाली, हात द्या. घेतला आणि पोटावर ठेवला. म्हणाली, दोन दिवस झाले, आत काहीतरी झाल्यावानी होतं, लई बारीक, पोटात वारा सरकल्यावानी. डॉक्टरबाई म्हणल्या तेच ते. पण बाहेरून अजून कळायचं न्हाई, आठवडा-दोन आठवडे लागतील.

"तुम्हाला लगेच न्हाई कळणार, सांगून ठेवते. उगं चिडताल."

म्हणलं, न्हाई चिडत.

हात हलवला न्हाई. दाबला पण न्हाई. बोटं नुसती टेकवून ठेवली. तिला झोप लागली. तिच्या आईनं दारातून बघितलं, चहा उंबऱ्यावर ठेवून गेली. चहावर साय धरली. हात आखडून आला, मुंग्या आल्या, तरी काढला न्हाई. डाव्या हातानं हे लिहून राहिलोय, अक्षर असलं येतंय.

अजून काही न्हाई.

बसलोय.